भिजवण्याआधीचा निकाल

रविवारी आपला क्लब फुटबॉलचा सामना हरला की माणसे पंचाला, वाऱ्याला किंवा नशिबाला दोष देतात. थोरला सोमवारपर्यंत कुणालाच दोष देत नसे. मैदानावर दिसते ते सगळे नाटक असते आणि खरा पुरावा पिशवीत असतो, असे त्याचे ठाम मत होते. ही पिशवी म्हणजे क्लबच्या मळक्या कपड्यांची जाड कॅनव्हासची पिशवी. ती सोमवारी सकाळी दोघा भावांच्या लाँड्रीत येई आणि तिची दोरी घरातल्या थोरल्यानेच सोडायची, असा वडिलांच्या वेळेपासूनचा दंडक होता.

दोरी सुटली की लांब टेबलावर शर्ट अनुक्रमाने मांडले जात. थोरला चष्मा पुसे, हात पाठीशी बांधे आणि एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश चालत जाऊन, शर्ट भिजवण्याआधी, प्रत्येकाचा निकाल देई. बरगडीवर गवताचा हिरवा ओरखडा असेल तर गडी प्रतिस्पर्ध्याच्या पायातला चेंडू काढायला वेळेवर घसरला. चिखल पाठीवर असेल तर त्याला कुणीतरी पाडले, आणि नुसत्या कोपरावर असेल तर तो आपणहून पडला व पंचाकडे आशाळभूतपणे पाहत राहिला. शर्ट कोरा असेल तर त्या खेळाडूविषयी बोलण्यासारखे काही उरत नसे, आणि थोरला सर्वात जास्त बोले ते त्याच्याचविषयी.

ऐकायला शेजारच्या दुकानातला न्हावी येई. कधी कधी गिऱ्हाईकाच्या एका गालावर फेस तसाच ठेवून येई. दुसरा नेमाचा श्रोता म्हणजे एक निवृत्त पंच. त्याला सगळे शिट्टी म्हणत. आयुष्यभर तत्काळ निर्णय देऊन तो इतका थकला होता, की आता चहात साखर हवी की नको हेही त्याला ठरवता येत नसे. धाकटा मशीनपाशी उभा राहून घड्याळाकडे पाही. थोरल्याची बायको, जिला दुकानात सगळेच वहिनी म्हणत, खिडकीपाशी बसून शर्टांच्या पाठीवरचे उसवलेले आकडे शिवी आणि मध्येच असे एखादे वाक्य बोले, की त्याला उत्तर देण्यापेक्षा ते ऐकू आले नाही असे दाखवणे थोरल्याला सोयीचे वाटे.

त्या वर्षी क्लब गुणतक्त्याच्या तळाशी रखडला होता, आणि हंगाम अर्ध्यावर असताना नवा प्रशिक्षक नेमण्यात आला. याचा आधीचा क्लब गेल्याच वर्षी खालच्या श्रेणीत घसरला होता. थोरल्याच्या दृष्टीने एवढी माहिती फाशी देण्यास पुरेशी होती.

"शेजाऱ्याचं घर ज्यानं जाळलं, त्याला बोलावून आपल्या चुलीपाशी बसवलाय," तो म्हणाला. "आणि कमिटी म्हणते, याला आगीचा अनुभव आहे!"

प्रशिक्षकाने आल्या आल्या दोन गोष्टी केल्या. उजव्या बगलेचा बचावपटू असलेल्या जुन्या कर्णधाराला त्याने बाकावर बसवले. या कर्णधाराचा शर्ट दर सोमवारी दोनदा भिजवावा लागे, म्हणून थोरल्याचा त्याच्यावर जीव होता. दुसरे म्हणजे, मधल्या फळीत त्याने आपल्या जुन्या क्लबातला एक गडी आणला. सहा नंबरचा शर्ट घालणारा हा गडी वयाने पोक्त होता, मिशा राखून होता आणि मैदानावर कुणाशी बोलत नसे. पहिल्याच सामन्यात पाऊस होता. सोमवारी सहा नंबरचा शर्ट निघाला तो गळ्यापासून काठापर्यंत चिखलाने माखलेला.

हाच शर्ट कर्णधाराचा असता, तर थोरल्याने त्यावर हात फिरवून डोळे मिटले असते. पण तो प्रशिक्षकाच्या माणसाचा होता.

"हा खेळायला आलाय का लोळायला?" त्याने शर्ट दोन बोटांनी उचलला. "उकिरड्यावरचं गाढव याच्यापेक्षा जास्त वेळ उभं राहत असेल."

न्हावी इतका हसला, की त्याला गिऱ्हाईकाची आठवण झाली आणि तो वस्तरा घेऊन पळाला. क्लबातले बहुतेक खेळाडू केस कापायला त्याच्याकडेच येत, ही गोष्ट त्या वेळी कुणाच्या लेखी महत्त्वाची नव्हती.

पुढच्या सोमवारी सहा नंबरचा शर्ट कोरा आला. त्याच्या पुढच्या सोमवारीही कोरा. पिशवीतले सगळेच कपडे घामाने आणि दवाने ओलसर असत, तसा तोही ओलसर होता, पण त्यावर मातीचा कण नव्हता. थोरल्याने तो नाकापाशी नेला आणि त्याचा चेहरा उजळला.

"वास घ्या! घ्या, घ्या, लाजू नका. सामना खेळून आलेल्या माणसाच्या अंगाला सुगंध येतोय! हा मैदानावर जातो का स्वतःच्या लग्नाला?"

"नवरदेव!" न्हावी म्हणाला, आणि नाव तिथेच पडले.

"अहो," वहिनी खिडकीतून म्हणाली, "तो शर्ट कुणीतरी हातानं पिळलाय. वळ बघा ना कसे पडलेत."

"घामानं अंगाला चिकटला की वळ पडतात."

"आत्ताच तर म्हणालात, याला घामच येत नाही."

"तू आकडा शिव. चाराचा पाय लोंबतोय."

वहिनीने दोरा दाताने तोडला. थोरला तेव्हा गोलरक्षकाच्या शर्टाकडे वळलाही होता. त्या पांढऱ्या शर्टाच्या खांद्यावर फिकट निळा डाग होता. क्लबचे शर्ट गडद निळे, तेव्हा निष्कर्ष उघड होता: गोलरक्षक पुढे येताना हाक मारत नाही आणि आपल्याच बचावपटूंवर आदळतो. शिट्टीने मान डोलावली. "असं असूही शकेल," तो म्हणाला. त्याच्याकडून मिळणारी ही सर्वोच्च मान्यता होती.

टेबलावरचा निकाल रविवारी प्रेक्षकांत पोचे, आणि त्याला फार माणसे लागत नसत. एक न्हावी पुरत असे. सहा नंबरच्या पायाला चेंडू लागला, की पूर्वेकडच्या पायऱ्यांवरून आरोळी उठे: "नवरदेव, जपून! सदरा मळेल!" चेंडू गोलाकडे आला की दुसरी उठे: "हाक मार, मुक्या!" गोलरक्षक बिचारा इतकी हाक मारू लागला, की एकदा चेंडू पलीकडच्या अर्ध्यात असताना त्याने हाक मारली आणि आपले बचावपटू दचकून थांबले. तो सामनाही क्लब हरला.

थोरला यात सुखी होता. क्लबच्या पराभवाने त्याला मनापासून यातना होत, हे खरे. पण आपण सांगितले तसेच घडत आहे, या समाधानाने त्या यातना सुसह्य होत, हेही तितकेच खरे. घरात त्याच्या मताला कुणी विचारत नव्हते. दुकानाचे व्यवहार धाकटा पाही. सोमवारची सकाळ वजा केली, तर तो इतरांचे कपडे धुणारा एक माणूस होता. पिशवीची दोरी हातात असे तेवढ्या वेळातच त्याचा शब्द गावभर चाले.

असे असताना एका सोमवारी, शर्ट मांडून झाले होते आणि चष्मा पुसायचा राहिला होता, तोच दारात प्रशिक्षक उभा राहिला. त्याच्या मागे सहा नंबर होता.

"इथलं कोर्ट कोण चालवतं?" प्रशिक्षकाने विचारले.

"लाँड्री आहे हो, सर," धाकटा लगबगीने पुढे आला. "बसा ना. चहा सांगू?"

"चहा नको. सोमवारी इथं काय चालतं ते मला आठ दिवसांपूर्वी कळलं. रविवारी माझा माणूस चेंडू घेतो आणि आपलेच लोक त्याच्या अंगावर ओरडतात. तुमच्यापैकी बोलणारा कोण?"

"मी," थोरला म्हणाला. चष्मा त्याने आता सावकाश पुसला. "आणि मी काही लपून बोलत नाही. दार उघडं असतं."

"मग उघडंच सांगतो. धुणं चालू ठेवा, बोलणं बंद करा. जमत नसेल तर पुढच्या आठवड्यापासून पिशवी दुसरीकडे जाईल. मशीन काय, सगळ्यांकडे असतं."

"दादा..." धाकटा म्हणाला.

"थांब रे. मशीन सगळ्यांकडे असतं, साहेब. नजर नसते."

"नजर मलाही आहे. माझी मैदानावर असते, तुमची पिशवीत."

"तुमची नजर मैदानावर असतानाच एक अख्खा क्लब बुडाला की!"

"मी गेलो तेव्हा तो बुडतच होता."

"असेल. तुम्ही वरून हात दिलात का पाय दिलात, ते इथून आम्हाला कसं दिसणार?"

न्हावी खाली पाहून हसला. प्रशिक्षकाची मान लाल झाली, पण त्याने आवाज चढवला नाही. यावरून तो भांडणात मुरलेला माणूस असावा.

"आमचा कर्णधार बाकावर सडतोय," थोरला पुढे म्हणाला. त्याला आता रंग चढला होता. "त्याचा शर्ट या हातांनी दोन दोन पाण्यांतून काढलाय. त्याला बसवून तुम्ही कोणाला खेळवता? तर याला!"

"तुमच्या कर्णधाराचा शर्ट मळतो, कारण तो दर वेळी उशिरा पोचतो. वेळेवर पोचणाऱ्याला घसरावं लागत नाही. चिखलावरून खेळ कळत असता, तर मी डुक्करच आणलं असतं. लाथा मारायला चार पाय तरी मिळाले असते!"

या वेळी शिट्टी हसला. थोरल्याने त्याच्याकडे पाहिले, तेव्हा त्याने त्या हसण्याचा खोकला केला.

"मी या माणसाला मुद्दाम घेऊन आलोय," प्रशिक्षक म्हणाला. "पाठीमागे बोलता ना? आता तोंडावर बोला."

थोरल्याने आव्हान नाकारले असते तर तो थोरला नव्हे. त्याने सहा नंबरचा शर्ट टेबलावरून उचलला, दोन्ही खांद्यांना धरून झटकला आणि सरकारी वकिलाने रक्ताळलेला सुरा दाखवावा तसा शर्टाच्या मालकासमोर धरला.

"हा तुझाच ना? काल तू पूर्ण वेळ खेळलास. पाऊस नव्हता, पण मैदान ओलं होतं. याच्यावर एक डाग दाखव. दाखव! वर वास कसला, तर फुलांचा. मला एवढंच सांग, तू मैदानात उतरतोस तरी का, का बाहेरूनच हात हलवतोस?"

सहा नंबरने शर्टाकडे पाहिले, मग न्हाव्याकडे, आणि शेवटी थोरल्याकडे.

"तो मी धुतलाय," तो म्हणाला.

"काय केलंस?"

"धुतलाय. सामना झाल्यावर, न्हाणीघरात. दर वेळी मीच धुतो आणि मग पिशवीत टाकतो."

"का?" हा प्रश्न प्रशिक्षकाचा होता. त्यालाही हे नवीन होते.

"मी इथं आलो त्या पहिल्या आठवड्यात केस कापायला गेलो होतो. हे म्हणाले," त्याने न्हाव्याकडे बोट केले, "लाँड्रीत तुला उकिरड्यावरचं गाढव म्हणतात. डोकं यांच्या हातात होतं, त्यामुळे उठताही येईना. ठरवलं, आपला मळ यांच्या टेबलावर जाऊच द्यायचा नाही." त्याचा आवाज आता चढला. "तर तुम्ही म्हणायला लागलात, हा खेळतच नाही! मळका दिला तर लोळतो, धुतलेला दिला तर नवरदेव. मग काय, उघडा खेळू?"

मशीनचे पाणी गळत होते. धाकट्याने पुढे होऊन नळ बंद केला.

"मी आपलं गमतीनं सांगितलं होतं," न्हावी म्हणाला. "माणूस खुर्चीत बसला की काहीतरी बोलावं लागतं."

त्याच्याकडे कुणी लक्ष दिले नाही. थोरल्याच्या हातात तो शर्ट तसाच होता. वळ आता त्याला दिसत होते: खांद्यापासून कमरेकडे तिरपे गेलेले, ओल्या कपड्याला माणसाच्या दोन मुठी पीळ देतात तेव्हाच पडणारे. त्याने टेबलाच्या टोकाशी पाहिले. गोलरक्षकाच्या पांढऱ्या शर्टावरचा निळा डाग नेहमीप्रमाणे हजर होता. अर्धवट पिळलेला गडद निळा कपडा पांढऱ्याच्या अंगाशी रात्रभर कोंडला की काय होते, हे या धंद्यातल्या माणसाला पहिल्या दिवशी सांगतात. वहिनीने सुई थांबवली होती, आणि तेवढ्यानेच त्याचे कान तापले.

दुसऱ्या कुणी या ठिकाणी चूक कबूल केली असती. थोरल्याने कॉलर उलटी करून उजेडाकडे धरली.

"कशानं धुतलास?"

"साबणानं."

"कसल्या? अंगाच्या?"

"तोच होता तिथं."

"अंगाच्या साबणानं! हा गडद रंग अंगाच्या साबणानं! बघ, कॉलरचा रंग उडालाय. घासलास कशानं, विटेनं? आणि तसाच चिंब पिशवीत कोंबलास, म्हणून त्या पांढऱ्या शर्टाचा खांदा गेला. शर्ट धुणं हे माझं काम आहे, समजलं? माझं!"

"आणि खेळणं माझं," सहा नंबर म्हणाला.

प्रशिक्षकाने त्याच्या दंडाला धरले. "चला. माझं सांगून झालंय," तो दारातून म्हणाला. "तोंड चालवायचं का मशीन, ते सोमवारपर्यंत ठरवा."

ते गेल्यावर न्हाव्याला गिऱ्हाईक आठवले, आणि शिट्टीला आपल्याला काय आठवले हे ठरवता येईना. पण तोही गेला. धाकट्याने दार लोटून घेतले.

"दादा, जा आणि माफी माग."

"कुणाची? त्या घरबुडव्याची?"

"त्याची नको मागूस, सहा नंबरची माग. नाहीतर दोघांची माग, नाहीतर कुणाचीच नको मागूस, पण तोंड बंद ठेव! बाबांच्या वेळेपासून पिशवी या घरात येतेय. उद्या ती दुसऱ्याच्या टेबलावर सुटलेली बघवेल तुला?"

"मला धमकी देऊन गप्प करणारा अजून जन्माला यायचाय."

"जन्मून, मोठा होऊन, आत्ताच इथून गेला तो!" धाकटा ओरडला. भावाने आपल्यावर आवाज चढवल्याचे थोरल्याला आठवत नव्हते. त्याने शर्ट एकेक करून टाकीत सोडले. निकाल कुणी मागितला नाही.

रविवारी तो नेहमीच्या पायरीवर बसला. पाऊस होता. कर्णधार बाकावर होता, आणि उजवी बगल वाड्याच्या फाटकासारखी उघडी होती. हे त्याला पिशवीविना दिसले. मधल्या फळीत सहा नंबर चेंडू यायच्या आधीच चेंडूच्या जागी जाऊन उभा राहत होता. हेही दिसले, आणि आवडले नाही. न्हाव्याने ओंजळ तोंडापाशी नेली.

"नवरदेव, ज..."

"बंद कर," थोरला म्हणाला.

"का? तुमचंच तर आहे."

"म्हणूनच सांगतोय. बंद कर."

"कोचनं चांगलाच दम भरलेला दिसतोय!" न्हावी मागच्यांना ऐकू जाईल असे बोलला, आणि मागचे हसले. आतापर्यंत त्या पायऱ्यांवर हशा थोरल्याच्या शब्दांना मिळे. त्याच्यावर कधी उठला नव्हता. सामना बरोबरीत सुटला. क्लब होता तिथेच, तळाशी राहिला.

सोमवारी पिशवी आली. पिशवी येते की नाही हे पाहायला न्हावी आणि शिट्टी आधीच येऊन बसले होते. थोरल्याने दोरी सोडली. सर्वात वर सहा नंबरचा शर्ट होता: न धुतलेला, गळ्यापासून काठापर्यंत चिखलाने माखलेला. तो मुद्दाम वर ठेवला होता की सहज आला होता, हे सांगता येत नव्हते.

न्हावी खुर्चीत पुढे सरकला. थोरल्याने पिशवी दोन्ही हातांनी उचलली, टाकीपाशी नेली आणि कुठलाही शर्ट न मांडता, न उलगडता, सगळी एकदम पाण्यात उलटी केली. मागाहून पांढरा शर्ट तेवढा चिमट्याने बाहेर काढून वेगळ्या बादलीत टाकला.

"अहो, आणि निकाल?"

"निकाल नाही."

"म्हणजे घाबरलात!"

"ऐकून घे," थोरला वळून म्हणाला. "त्या माणसाला टीम बांधायची अक्कल नाही. कर्णधाराशिवाय आपली उजवी बाजू उघडी आहे, आघाडीच्या गड्याला गोल दाखवला तरी तो रस्ता विचारतो, आणि आपण खाली जाणार ते जाणारच. हे मी आजही सांगतो, आणि त्याच्या तोंडावर सांगेन. पण मैदानावर बघितलं म्हणून सांगतो. या पिशवीतले साक्षीदार फितूर झालेत."

"फितूर? कुणी केलं?"

खिडकीपाशी वहिनीने मान वर केली. थोरल्याने तिच्याकडे पाहण्याचे टाळले.

"तुझं गिऱ्हाईक अर्धं राहिलंय," तो न्हाव्याला म्हणाला. "जा. आणि वस्तरा हातात असताना जीभ आवरत जा. एका वेळी एकच धार चालवावी."

न्हावी रागाने गेला. दुसऱ्या दिवसापासून, थोरला म्हातारा झाला आणि त्याला चिखलातले काही कळत नाही, असे तो प्रत्येक खुर्चीला सांगू लागला. शिट्टी थोडा वेळ रेंगाळला. मग, निकालच नसेल तर बसून काय करायचे, असे काहीसे पुटपुटत त्यानेही टोपी उचलली. धाकट्याने रिकाम्या झालेल्या दोन खुर्च्या उचलून भिंतीला लावल्या आणि लांब टेबलावर इस्त्रीच्या चादरी रचायला सुरुवात केली. थोरल्याने ते पाहिले, आणि अडवले नाही.

टाकीत पाणी काळपट होऊ लागले होते. सहा नंबरचा शर्ट हवा भरल्यामुळे पुन्हा वर आला आणि पाठ दाखवत तरंगू लागला. डाव्या कमरेवर चिखल, दोन्ही कोपरांवर चिखल, पाठीवर तर एकसंध थर. थोरल्याने तो सगळा वाचला. डोळे मिटणे त्याच्या हातात नव्हते. लोळतोच, असे अगदी ओठांपर्यंत आले. त्याने लाकडी दांडा उचलला आणि तो शर्ट तळापर्यंत दाबून धरला.

"काही म्हणालात का?" वहिनीने विचारले.

"साबण कमी पडलाय," थोरला म्हणाला.